शेवंडींतील नर-मादी प्रमाण कशावर ठरते?

लिंग गुणोत्तर ही संज्ञा जनगणनेमुळे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. समुद्रातील प्राण्यांचे भवितव्यही बऱ्याच अंशी याच गुणोत्तरावर अवलंबून असते. लॉबस्टर म्हणजेच शेवंड हे त्याचे बोलके उदाहरण आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलांत नर व माद्या साधारणपणे सारख्याच संख्येने असतात. मात्र प्रौढ शेवंडींची मोजणी केली, तर कुठे नरांचे, तर कुठे माद्यांचे प्राबल्य आढळते. हा फरक जन्मानंतर निर्माण होतो आणि त्यात निसर्गाइतकाच मासेमारीचा व कायद्याचाही वाटा असतो.

उत्तर अटलांटिक महासागरातील अमेरिकन शेवंडीचा याबाबत विशेष अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील मेन राज्य व कॅनडाचा पूर्व किनारा ही तिची प्रमुख क्षेत्रे होत. कात टाकल्यावरच शेवंडीची वाढ होते. प्रौढ नर साधारणपणे दरवर्षी कात टाकतो. मादी मात्र एक वर्ष कात टाकण्यात, तर पुढचे वर्ष अंडी वाहण्यात घालवते. त्यामुळे तिची वाढ मंदावते. पोटाखाली चिकटलेली अंडी ती 9 ते 11 महिने सांभाळते. या काळात योग्य तापमानाच्या शोधात ती खोल वा उथळ पाण्यात स्थलांतर करते. साहजिकच एकाच प्रदेशात खोली व ऋतू बदलला, की नर-मादी प्रमाणही बदललेले दिसते.

मोजणीच्या साधनामुळेही चित्र बदलते. शेवंडी आमिष लावलेल्या पिंजऱ्यांनी पकडल्या जातात. कात टाकण्याच्या सुमारास त्या कपारीत लपून राहतात व पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत. फार मोठ्या शेवंडी पिंजऱ्याच्या तोंडातून आत शिरू शकत नाहीत, तर लहान शेवंडी फटींतून निसटतात. म्हणजे पिंजऱ्यातील प्रमाण हे समुद्रातील प्रमाणच असेल, असे नाही.

सर्वांत मोठा परिणाम होतो तो कायद्याचा. अंडी असलेल्या मादीच्या विक्रीवर मेनमध्ये 1872 मध्येच बंदी आली. पुढे अशा मादीच्या शेपटीच्या पात्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडून तिला समुद्रात सोडण्याची पद्धत रूढ झाली. खाच असलेली मादी नंतर अंड्यांविना सापडली, तरी ती परत सोडावीच लागते. एक-दोनदा कात टाकेपर्यंत ही खूण टिकते, म्हणजेच मादीला काही वर्षांचे अभय मिळते. शिरोवक्षाच्या कवचाची लांबी सुमारे 83 मिलिमीटरपेक्षा कमी किंवा 127 मिलिमीटरपेक्षा अधिक असलेली शेवंड, मग ती नर असो वा मादी, ठेवता येत नाही. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देत असल्याने या नियमांचे मोल मोठे आहे. मेनमध्ये 2016 साली सुमारे 13 कोटी पौंड, म्हणजे जवळपास 60 हजार टन, असे विक्रमी उत्पादन झाले. थंड पाणी उबदार होत गेल्याचा त्यात वाटा असला, तरी माद्यांच्या संरक्षणालाही श्रेय दिले जाते.

या यशाला दुसरी बाजूही आहे. मादी परत सोडली जाते आणि नर बाजारात जातो. परिणामी समुद्रात मोठ्या माद्या अधिक व मोठे नर कमी, अशी स्थिती उद्भवू शकते. मादी नराच्या कपारीत जाऊन, कात टाकल्यानंतर त्याच्याशी समागम करते व मिळालेले शुक्राणू बराच काळ साठवून ठेवते. लहान नराकडून मिळणारे शुक्राणू मोठ्या मादीच्या सर्व अंड्यांना पुरतीलच, अशी खात्री नसते. कॅनडाच्या किनाऱ्यावरील शेवंडींच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, मासेमारीचा ताण अधिक असलेल्या भागांत एकाच मादीच्या अंड्यांना एकाहून अधिक पिता असल्याचे आढळले. एका नराचे शुक्राणू अपुरे पडत असावेत, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

युरोपीय शेवंडीच्या बाबतीत नॉर्वेने 2008 मध्ये अंडीधारी माद्यांना संरक्षण दिले. पुढे 2017 मध्ये स्कागेराक किनाऱ्यावर 32 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या शेवंडी पकडण्यासही मनाई झाली. हा दुसरा नियम मोठ्या नरांनाही लागू असल्याने समतोलाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या शेवंडी निराळ्या जातींच्या असून, त्यांना अटलांटिकमधील शेवंडीसारखे मोठे नांगे नसतात. मात्र धडा येथेही तोच आहे. मुंबईलगतच्या समुद्रात मिळणाऱ्या चपट्या शेवंडीची मासेमारी 1990च्या दशकाच्या मध्यास कोलमडली. ट्रॉलरच्या जाळ्यांत अंडीधारी माद्याही सरसकट पकडल्या जात, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. त्यानंतर 2003 मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी जातीनिहाय किमान वजन निश्चित केले. चपट्या शेवंडीसाठी ते 150 ग्रॅम आहे. परंतु किमान वजनाचा नियम केवळ लहान शेवंडीला वाचवतो. वजनात बसणारी अंडीधारी मादी त्याने वाचत नाही.

माद्यांना अभय दिले नाही, तर अंडी उरत नाहीत. केवळ माद्यांनाच अभय दिले, तर त्या अंड्यांना पुरेसे नर उरतील का, हा प्रश्न निर्माण होतो. म्हणूनच किती टन शेवंडी हाती लागल्या, एवढ्या नोंदीवर न थांबता त्यांत नर किती, माद्या किती व त्यांचे आकारमान काय, याची नियमित मोजणी होणे मत्स्यव्यवस्थापनात आवश्यक ठरते.