प्रोफेसर केरूनाना छत्रे

कल्याणहून आगगाडी पुण्याकडे निघाली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें ओळीनें लागतात. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. शिलाहार गेले, त्यांची कालगणना मात्र पंचांगरूपानें घरोघर नांदत आहे. या पंचांगाचें गणित आकाशाशीं पुन्हा ताडून पाहिलें पाहिजे, हें महाराष्ट्रास पटवूं पाहणारे विद्वान म्हणजे केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे.

नानांचा जन्म १८२४ सालीं अलिबागनजीक नागांव येथें झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखालीं ते शिकले आणि १८४० सालीं कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरीस लागले. मुंबई विद्यापीठ निघालें तें १८५७ सालीं; तेव्हां पदवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही १८५१ सालीं पुण्यास अध्यापक म्हणून आलेले नाना पुढें डेक्कन कॉलेजांत गणिताचे प्रोफेसर झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचेच शिष्य.

त्या काळीं पंचांगें गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वरून होत. हा ग्रंथ १५२० च्या सुमाराचा. जुन्या सिद्धांतांतील वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें. वर्षास साडेतीन मिनिटें म्हणजे क्षुल्लक; पण सव्वाचारशें वर्षांत त्यांचा एक दिवस होतो! नानांनीं युरोपीय गणिताच्या आधारें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ १८६० सालीं प्रसिद्ध केला, व १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यानें नवें पंचांग काढलें.

अडचण येथेंच आली. नानांनीं रेवतीच्या तारेपासून राशिचक्राचा आरंभ धरल्यामुळें संक्रांती व अधिक मास निराळे येऊं लागले. सण व श्राद्धतिथि बदलण्यास लोक सहजासहजीं कसे धजावणार? पंचांगाचा प्रसार थोडाच झाला. वस्तुतः गणेश दैवज्ञांनींही स्वतः वेध घेऊनच जुन्या गणितांत सुधारणा केली होती. नाना त्यांच्याच वाटेनें जात होते.

१८७९ सालीं नाना निवृत्त झाले व १८८४ सालीं निवर्तले. त्यांचा पक्ष शिष्यानें उचलला, व त्यांतूनच टिळक पंचांग निघालें. आजही कोंकणांत एखाद्या वर्षीं कांहीं घरीं गणपति शेजाऱ्यांच्या महिनाभर आधीं बसतो, त्याचें मूळ या प्रोफेसरांच्या गणितांत आहे.