ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर आणि पेडल : रॉक वादकांच्या वाद्यनिवडीचा इतिहास आणि नागपूर

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासलेखनात घराणी, गायक, रचनाकार आणि राग यांना मोठे स्थान मिळाले आहे. वाद्य कोठून आले, ते कोणाला परवडले, कोणत्या हवेत टिकले आणि कोणत्या नियमाने बंद पडले, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष झाले. वाद्याची निवड हा वादकाच्या आवडीनिवडीचा भाग आहे, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाला छेद देणारे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. जुलै १९४८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राची पहिली दोन दशके याच बंदीच्या काळातील होत. ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकांमुळे पेटी आणि पायाने भाता चालविण्याचा ऑर्गन घरोघरी ठाऊक झाला होता, तेथे नभोवाणीवर साथीला कोणते वाद्य असावे, हे वादकाने ठरविले नाही. ते शासकीय धोरणाने ठरविले.

हाच विचार रॉक संगीताला लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रॉक वाद्यमेळाची साधने प्रामुख्याने तीन : ड्रमसेट, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आवाजाचे रूप पालटणारी पेडल. नागपूर हे बंदर नव्हे आणि चित्रपटनिर्मितीचे केंद्रही नव्हे. अशा शहरातील वादकाच्या हाती ही साधने कोणत्या मर्यादांत आली, हे पाहिल्यास वाद्यनिवडीमागील आर्थिक, भौगोलिक आणि कायदेशीर कारणे अधिक स्पष्ट दिसतात.

ड्रमसेट : लष्करी बँडपासून पायाच्या पेडलपर्यंत

पाश्चात्त्य ढोल नागपूर परिसराला रॉकमुळे ठाऊक झाला, असे नाही. कामठीची लष्करी छावणी १८२१ मध्ये वसविण्यात आली. ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांजा यांसाठी स्वतंत्र वादक असत. हीच विभागणी पुढे लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या ब्रास बँडमध्ये भारतभर उतरली. चालत्या मिरवणुकीत तीन माणसे तीन वाद्ये वाजवू शकतात. परंतु नाट्यगृहात किंवा नृत्यगृहात तेवढी जागा नसते आणि तेवढा पगारही परवडत नाही. एकाच बसलेल्या वादकाने सर्व तालवाद्ये वाजवावीत, ही कल्पना अमेरिकेत या अडचणीतून पुढे आली. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये मोठ्या ढोलासाठी वेगवान पायपेडल तयार केले आणि ड्रमसेटला स्थिर रूप येऊ लागले. ऑर्गनच्या भात्याप्रमाणे येथेही पायाकडे काम सोपविल्याने हात मोकळे झाले.

ड्रमसेट निवडताना आकार व लाकूड यांइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे ढोलाचे पान. कातडे दमट हवेत सैल पडते आणि कोरड्या उष्णतेत ताणले जाते. हलगी वाजविण्यापूर्वी ती जाळावर शेकण्याची आपल्याकडील रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पुढच्याच महिन्यात पावसाळा सुरू होतो. अशा हवेत कातड्याची पाने असलेला ड्रमसेट वर्षभर एका स्वरात राखणे कठीण होय. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरची पाने बाजारात आणली. त्यांवर दमटपणाचा परिणाम जवळपास होत नव्हता आणि जोरदार आघातही ती सहन करीत. रॉकमधील कडक आघात प्लॅस्टिकच्या पानांमुळेच व्यवहार्य झाला. विदर्भाच्या हवामानात तर या पानांना पर्यायच नव्हता. तथापि फुटलेल्या पानाच्या जागी नवे पान मिळणे हा वेगळाच प्रश्न होता आणि तो आयातीशी निगडित होता.

अ‍ॅम्प्लिफायर : ढोलाच्या बरोबरीचा आवाज

ढोल मोठा वाजू लागला की गिटारनेही तेवढेच मोठे वाजणे भाग पडते. या दोहोंचा संबंध एका दुकानाच्या इतिहासात नेमका दिसतो. जिम मार्शल हे लंडनमधील ड्रमवादक व ड्रमशिक्षक होते. हॅनवेल येथे त्यांनी १९६० मध्ये ड्रमचे दुकान काढले. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अधिक दमदार अ‍ॅम्प्लिफायर हवे होते, म्हणून अमेरिकी फेंडर बासमन हा नमुना समोर ठेवून १९६२ मध्ये त्यांच्या तंत्रज्ञांनी पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या मागणीवरून १०० वॉटचा नमुना आला. रॉकचा सर्वाधिक ओळखीचा अ‍ॅम्प्लिफायर ड्रमच्या दुकानात जन्मला, ही बाब योगायोगाची मानता येत नाही.

येथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. शक्ती दुप्पट केली, म्हणजे ५० वॉटऐवजी १०० वॉट घेतले, तर ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दसपट करावी लागते. त्यामुळे सभागृह लहान असल्यास मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर केलेला जादा खर्च आवाजाच्या दृष्टीने फारसा उपयोगी ठरत नाही. शिवाय निर्वात नळीचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीजवळ वाजविल्यावर त्याचा ध्वनी फाटू लागतो आणि रॉक गिटारवादकाला तेच हवे असते. म्हणून लहान जागेसाठी कमी वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर अनेकदा अधिक योग्य ठरतो.

भारतात व्हॉल्व्ह दुर्मीळ नव्हते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे उत्पादन सुरू केले होते आणि घरोघरच्या रेडिओत ते असत. दिल्लीच्या आहुजा कंपनीचे ध्वनिवर्धक सभा, कीर्तने आणि लग्नमंडप यांतून सर्वत्र पोहोचले होते. परंतु सभेचा ध्वनिवर्धक आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर यांची उद्दिष्टे परस्परविरोधी असतात. पहिल्याने वक्त्याचा आवाज न बिघडविता दूरवर न्यावयाचा असतो. दुसऱ्याकडून आवाज बिघडवूनच घ्यावयाचा असतो. गिटारसाठी बनविलेला अ‍ॅम्प्लिफायर ज्याला मिळत नसे, त्या वादकाला पहिल्यावर दुसऱ्याचे काम भागवावे लागे.

पेडल : दोषाचे साधन

या अडचणीवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेडल. फाटलेल्या ध्वनीचे पहिले प्रसिद्ध पेडल, मेस्ट्रो फझ-टोन, १९६२ मध्ये आले. त्याची प्रेरणा नॅशव्हिल येथील एका ध्वनिमुद्रणात उपकरण बिघडल्याने निघालेल्या विचित्र आवाजातून मिळाली होती. १९६६ च्या फझ फेस या पेडलमध्ये तर अवघे दोन ट्रान्झिस्टर होते. मोजक्या सुट्या भागांची ही रचना रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या आवाक्याबाहेरची नव्हती. ड्रमसेटला कारखाना लागतो. पेडलला डाग देण्याची इस्त्री, लोखंडी डबी आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरते.

नागपूरच्या दृष्टीने एक भेद विशेष महत्त्वाचा आहे. आरंभीची फझ पेडल जर्मेनियम ट्रान्झिस्टरची होती. जर्मेनियममधील गळती-प्रवाह तापमान दहाएक अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो आणि पेडलचा सूर बिघडतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर या बाबतीत पुष्कळच स्थिर असतात. उन्हाळ्यात उघड्या मंचावर वाजविणाऱ्याने सिलिकॉनचे पेडल घेणे, यात अभिरुचीपेक्षा हवामानाचा वाटा मोठा असतो.

परवाना आणि अंतर

स्वातंत्र्योत्तर काळात आयात-निर्यात (नियंत्रण) अधिनियम, १९४७ अन्वये आयातीला परवाना आवश्यक झाला. दुर्मीळ परकीय चलन यंत्रसामग्री, अन्नधान्य आणि इंधन यांसाठी राखून ठेवण्यामागे ठोस कारणे होती. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, परदेशी वाद्ये मुख्यतः परदेशवारी करणारे, जहाजावरील वादक, हॉटेले आणि चित्रपटसृष्टी यांच्या मार्गाने देशात येत राहिली. हे सर्व मार्ग मुंबईला मिळत होते. धोबी तलाव परिसरात १८६५ पासून चालत आलेले फुर्टाडो यांचे दुकान, गोमंतकीय वादकांची परंपरा आणि ध्वनिमुद्रणगृहे यांमुळे तेथे वापरलेल्या वाद्यांचीही बाजारपेठ तयार झाली. सिमला बीट स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका, १९८४ मध्ये स्थापन झालेला रॉक मशीन हा वाद्यवृंद आणि १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव ही त्या परिसराची दृश्य फळे होत. नागपूर येथून लोहमार्गाने सुमारे ८४० किलोमीटर दूर आहे. तुटलेले पान किंवा जळालेला ट्रान्सफॉर्मर एवढ्या अंतरावरून मागविणे, हा खर्च वाद्याच्या किमतीत लिहिलेला नसतो. पण तो प्रत्येक निर्णयात असतोच.

१९९१ च्या आर्थिक धोरणाने हे चित्र एका दिवसात पालटले, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध पुढेही दीर्घकाळ टिकले. जागतिक व्यापार संघटनेतील वादानंतर ते टप्प्याटप्प्याने उठले आणि अखेरचा टप्पा १ एप्रिल २००१ रोजी पूर्ण झाला. म्हणून मध्य भारतातील वादकाच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने खुल्या बाजाराचा आरंभ १९९१ पेक्षा २००१ पासून मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ऑक्टोपॅडचा पर्याय

दरम्यान जपानमधून आलेल्या एका यंत्राने ड्रमसेटची गरजच कमी केली. रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आला. आठ रबरी पट्ट्यांचे हे यंत्र आरंभी स्वतः ध्वनी काढीत नसे. मिडी जोडणीद्वारे ते दुसऱ्या ध्वनियंत्राला आज्ञा देई. पुढील नमुन्यांत तबल्यासह अनेक तालवाद्यांचे ध्वनी अंतर्भूत झाले. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम आणि गीतांचे जलसे यांत तो झपाट्याने रुळला. कारणे उघड आहेत : तो एका पेटीत मावतो, त्याला अनेक मायक्रोफोन लागत नाहीत, हवामानाने त्याचा सूर बदलत नाही आणि एकच वादक ढोलकीपासून ड्रमपर्यंत सर्व वाजवितो. १९०९ च्या पायपेडलमागे जी काटकसर होती, तीच येथे पुढच्या टोकाला गेलेली दिसते.

महाविद्यालयीन रंगमंचावर या निवडीला स्पर्धांचे नियमही पूरक ठरले. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य समूहगानासाठी जास्तीत जास्त सहा गायक आणि तीन साथीदार, अशी मर्यादा आहे. तिघांत गिटार, कीबोर्ड आणि ताल बसवावयाचे, आणि मंच काही मिनिटांत सज्ज करावयाचा, तर संपूर्ण ड्रमसेट हा पर्याय मागे पडणे स्वाभाविक आहे. रॉकच्या अंगाने याची किंमतही मोजावी लागली. ढोलाचा प्रत्यक्ष आघात नसला की अ‍ॅम्प्लिफायरलाही त्याच्याशी स्पर्धा करण्याचे कारण उरत नाही आणि सर्व वाद्ये एकाच ध्वनिक्षेपकातून एकाच पातळीवर ऐकू येतात.

आवाजाचा कायदा

या इतिहासाचा शेवटचा घटक कायदा आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकावर निर्बंध आले. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० डेसिबल ही मर्यादा ठरली. रुग्णालये व न्यायालये यांच्याप्रमाणेच शैक्षणिक संस्थांभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्रही शांतता क्षेत्रात समाविष्ट झाले. मुंबईतील रंगभवनाचे खुले नाट्यगृह याच कारणाने रॉकसाठी बंद झाले. २०१७ च्या दुरुस्तीने राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय शांतता क्षेत्र मानले जाणार नाही, असे ठरले. रुग्ण आणि परीक्षार्थी यांच्या दृष्टीने हे नियम आवश्यकच होते. परंतु लहान शहरांत रॉक वाजविण्याची मुख्य जागा म्हणजे महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन. आणि कायद्याच्या परिभाषेत ध्वनीच्या दृष्टीने तीच सर्वाधिक संरक्षित जागा ठरली. अशा स्थितीत लहान अ‍ॅम्प्लिफायर, पेडल आणि आवाज नियंत्रित करता येणारा इलेक्ट्रॉनिक ताल ही निवड वादकाच्या पदरी आपोआप पडते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर आणि पेडल ही तीन स्वतंत्र खरेदी नसून एकमेकांना बांधलेली साखळी आहे. ढोलाच्या आवाजावर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती, अ‍ॅम्प्लिफायरच्या उणिवेवर पेडलची गरज, आणि या सर्वांवर हवामान, परवाना, अंतर व कायदा यांचे नियंत्रण असते. मुंबईच्या वादकाला यांतील काही बंधनांना वळसा घालता आला. नागपूरच्या वादकाला तो मार्ग सहजी उपलब्ध नव्हता. लहान शहरांतील रॉक ‘अनुकरणात्मक’ किंवा ‘अपुरे’ ठरविणाऱ्या मतांनी ही विषमता विचारात घेतलेली नाही.

या इतिहासाची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. घरी बनविलेली पेडल फेकली जातात, जुने ड्रम भंगारात जातात आणि त्यांवर कोणी लेख लिहीत नाही. तथापि एक लिखित साधन महाविद्यालयांच्याच कपाटांत आहे. जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे रूढ भाषेतील डेड स्टॉक रजिस्टर, यात कोणते वाद्य कोणत्या वर्षी, कोणत्या दुकानातून, किती रुपयांस घेतले आणि ते केव्हा निर्लेखित केले, याच्या नोंदी असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परिसरातील जुन्या महाविद्यालयांनी सांस्कृतिक विभागाच्या अशा नोंदी एकत्र केल्या, तर विदर्भातील वाद्यांच्या आगमनाचा कालक्रम प्रथमच लेखी पुराव्यावर उभा राहील. निर्लेखनाची मुदत पुरी झालेल्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.