इस्लामी अभ्यास : मुलीने हा विषय घेतला तर?



बचत गटाची वही उघडली की आपण जमा, खर्च, बाकी, कर्ज, वसूल, रक्कम, हप्ता असे शब्द लिहितो. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. शहाजीराजे निजामशाहीत होते, आदिलशाहीत होते. त्या काळचा कारभार बराचसा फारसीतून चाले, म्हणून ते शब्द आपल्या तोंडी बसले. तो इतिहास वाचणारी माणसे तयार होतात ती विद्यापीठात.

तिथे 'इस्लामी अभ्यास' नावाचा विषय असतो. बारावीनंतर एखादी मुलगी तो घ्यायचा म्हणाली की मुसलमान घरात विचारतात, "मदरशात शिकवतातच की, मग कॉलेज कशाला?" हिंदू घरात विचारतात, "आपला काय संबंध?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर इतिहासात आहे.

मदरशात धर्माचे शिक्षण मिळते. विद्यापीठात इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान, कला, सुफी परंपरा हे सगळे पुरावे तपासून शिकतात. तिथे कोणत्याही धर्माची मुलगी शिकू शकते.

या ज्ञानात बायका पहिल्यापासून आहेत. अकराव्या शतकात मक्केत करीमा नावाची विदुषी पैगंबरांच्या वचनांचा 'सहीह बुखारी' हा ग्रंथ शिकवीत असे. दूरदूरचे विद्वान पुरुष तिच्यापुढे शिकायला बसत.

आपल्या देशातले पाहू. 1906 साली अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वाहिद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. तिचेच पुढे महिला महाविद्यालय झाले. 1920 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या कुलपती झाल्या भोपाळच्या राज्यकर्त्या सुलतान जहाँ बेगम. आज त्या विद्यापीठात इस्लामी अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे.

आता दुसरा प्रश्न. ॲनमारी शिमेल जर्मनीतल्या ख्रिस्ती घरची मुलगी. पंधराव्या वर्षी अरबी शिकू लागली, एकोणिसाव्या वर्षी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली. 1954 पासून तिने तुर्कस्तानात अंकारा विद्यापीठात धर्मांचा इतिहास शिकवला, पुढे अमेरिकेत हार्वर्डला. आपल्याकडे सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागद वाचून शिवकाळावर मराठीत लिहिले. परका धर्म समजून घेतल्याने दोघांचाही स्वतःचा धर्म बुडाला नाही.

पोटापाण्याचेही बोलू. या विषयात नोकऱ्या मोजक्याच. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत 'अरब संस्कृती आणि इस्लामी अभ्यास' हा विषय आहे. अरबी, फारसी किंवा उर्दू पक्की केली तर भाषांतराचे आणि जुनी कागदपत्रे वाचण्याचे काम करता येते. म्हणून प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. भाषा सोबत शिकवतात का? मुलींचे वसतिगृह आहे का? शिष्यवृत्ती कोणती मिळेल?

उत्तरे मिळाली की हिशेब मांडा आणि मग ठरवा. "बाईमाणसाला काय करायचंय," एवढ्या एका कारणाने मात्र नाही म्हणू नका. ते कारण करीमाच्या काळातही खरे नव्हते.