पुनर्वसन नेमकं कोणत्या तारखेला पूर्ण होतं?

विस्थापनावर वाचायला बसलं की बहुतेक लेखन धरणापाशी सुरू होतं आणि गाव सुटलं की संपतं. पण पुढे काय? माणसं नव्या जागी रुळली का, किती वर्षांनी, कशाच्या आधारावर? शोधनिबंधाचा विषय शोधत असाल, तर हा प्रश्न अजून भरपूर मोकळा आहे. आज तो नंदुरबारच्या उदाहरणावरून पाहू.

सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली, मुख्यतः भिल्ल आणि पावरा वस्तीची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची कागदपत्रं धुळ्याच्या नावाखाली शोधावी लागतात. हे साधं वाटतं, पण शोधण्यात फुकट जाणारे दिवस वाचतात.

नर्मदा जल विवाद लवादाचा १९७९ चा निवाडा हा या विषयातला पायाभूत दस्तऐवज. तत्त्व होतं जमिनीच्या बदल्यात जमीन. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाईल त्याला किमान २ हेक्टर, आणि सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा. सज्ञान मुलीसाठी मात्र तशी तरतूद नव्हती. शिवाय पाणी चढण्याच्या एक वर्ष आधी शेतजमीन आणि घराची जागा तयार हवी होती.

त्या ‘एक वर्षा’पाशी थोडं थांबू. त्यामागे एक गृहीतक दिसतं: जमीन आणि घर हातात आलं की नवं आयुष्य सुरू. पण डोंगरातल्या गावात शेताबरोबर आणखी बरंच काही होतं. नदीतले मासे, जंगलातला मोह, डिंक, जळण, घराचं लाकूड. यातलं काहीच सातबाऱ्यावर नसतं. काही शेतंही नसायची. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या केलेली शेती सरकारी भाषेत ‘अतिक्रमण’ ठरायची. नोंदच नाही, मग मोबदला कशाचा?

आता नवी जागा. काही कुटुंबं गुजरातेत गेली, काही तळोदा परिसरात आली. रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. डोंगरात पाडे विखुरलेले, घर आपापल्या शेताजवळ. वसाहतीत प्लॉट रांगेने. सपाटीवर कापूस, ऊस, केळी. म्हणजे बियाणं, खत, पाणी, सगळ्यालाच रोख पैसा. जे जंगलातून आणायचं, तेही आता विकत. पण या बदलाला दुसरी बाजूही आहे. रस्ता, दवाखाना, बाजार जवळ आले. आजीला जे तुटणं वाटतं, ते नातवाला सोय वाटू शकतं. दोघांचंही ऐका; एकच आवाज निवडलात तर निबंध एकांगी होईल.

आणखी एक गुंता आहे. पुनर्वसनासाठी तळोद्याची चार हजार हेक्टरांच्या आसपास वनजमीन देण्यात आली. त्यातल्या काही जमिनीवर स्थानिक आदिवासी आधीपासून शेती करत होते. म्हणजे नव्याने आलेल्यांसाठी ती हक्काची जमीन, आणि शेजाऱ्यासाठी हातातून गेलेली. रुळणं हे फक्त येणाऱ्याच्या स्वभावावर किंवा कष्टावर अवलंबून नसतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

मग अभ्यास कसा करायचा? माझा सल्ला असा: प्रत्येक कुटुंबासाठी तीन तारखा लिहा. पहिली, जमीन दिल्याची. ती रजिस्टरमध्ये मिळेल. दुसरी, त्या जमिनीतलं पहिलं पीक घरी आलं ती. तिसरी, वसाहतीत पहिल्यांदा स्वतःची होळी पेटली किंवा गावदेव बसवला ती. शेवटच्या दोन तारखा माणसांकडूनच कळतील. वर्ष आठवत नसेल तर ‘तेव्हा धाकटा केवढा होता?’ असं विचारा. मुलाखत शक्यतो पावरी-भिलोरी जाणणाऱ्याला सोबत घेऊन करा. घरातल्या बाईशीही वेगळं बोला, कारण पाणी आणि जळण किती लांब गेलं हे तिलाच नेमकं माहीत असतं.

या तीन तारखांमधलं अंतर हाच तुमचा विषय. फाइलमध्ये पहिल्या तारखेपुढे ‘पुनर्वसित’ असा शेरा पडतो आणि खातं बंद होतं. काही घरांची तिसरी तारीख कदाचित अजून आलेलीही नसेल. ती जागा वहीत कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. कोरी जागा हासुद्धा पुरावाच असतो.