देखावा आपल्या वाटेचा

गणपती जवळ आले की मला उधन्याच्या आमच्या गल्लीतली थर्माकोलची अजिंठ्याची लेणी आठवतात. वडील पॉवरलूमवरची रात्रपाळी संपवून यायचे आणि न झोपता खांब कापायला बसायचे. पुढे मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, सरकारी नोकरीत मोजमापे घेऊ लागलो; पण माप धरायला शिकलो ते त्या मांडवात.

हल्ली भिंतींवरच्या मोठ्या चित्रांना रस्त्यावरची कला म्हणतात. 2017 साली मुंबईच्या ससून डॉकमध्ये अशा कलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा तिथल्या कोळी बांधवांचे चेहरे भिंतींवर झळकले. पण तिकीट न काढता, येता-जाता कोणीही पाहावी अशी कला आपल्याकडे जुनीच आहे. तिला आपण देखावा म्हणतो.

यंदाच्या बैठकीत एका तरुणाने विचारले, "दरवर्षी किल्ले आणि मंदिरे करतो, आपण सुरतेला कसे आलो ते का दाखवत नाही?" त्यावर एक ज्येष्ठ काका म्हणाले, "तीन पिढ्या इथे काढल्या. रेशन कार्डापासून स्मशानापर्यंत सगळे इथलेच. आता आपणच स्वतःला बाहेरचे का म्हणवून घ्यायचे? आणि सणात रडगाणे कशाला?" विषय तिथेच थांबला.

काकांचे दुखणे खरे आहे. पण सणाचा इतिहास थोडा वेगळे सांगतो. मुंबईत लालबागला 1932 साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळिणी आणि फेरीवाले उघड्यावर आले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. जागा मिळाली आणि 1934 साली त्यांनी गणपती बसवला, तोही कोळ्याच्या वेशात. आज ज्याच्या दर्शनाला मैलभर रांग लागते, तो लालबागचा राजा मुळात उठवल्या गेलेल्या माणसांचा देव आहे.

अलीकडचे उदाहरण कोलकात्याचे. 2020 च्या दुर्गापूजेत बेहाला भागातल्या बारिशा क्लबने मूर्तिकार पल्लब भौमिक यांच्याकडून देवी घडवून घेतली, ती कडेवर उघडे मूल घेतलेली मजूर बाई होती. तिच्या लेकरांत हत्तीचे तोंड असलेला आपला गणपतीही होता. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या सुरतेत हजारो कामगार, त्यांत बरेचसे ओडिशाचे, गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले होते. आपण ते गच्चीवरून आणि टीव्हीवर पाहिले.

आपली वाट तरी कोणती वेगळी? तापी खोऱ्यातून गेलेल्या रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे भुसावळ पॅसेंजरने उधन्याला उतरू लागली. 1972 चे साल तर विसरता येण्यासारखे नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्याच वर्षी सोनगडजवळचे उकाई धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली तेव्हाच्या सुरत आणि धुळे जिल्ह्यांतली अनेक गावे गेली. त्यांत बहुतेक घरे आदिवासींची होती. एकाच नदीकाठी कोणी पाणी नाही म्हणून गाव सोडले, कोणी पाणी आले म्हणून. आपल्या नळाला येते ते पाणी त्याच तापीचे.

हे दाखवणे म्हणजे रडगाणे नव्हे, आणि बाहेरचे ठरणेही नव्हे. या शहराचे कापड आपल्या वडिलांनी विणले, हे नातवंडांना कळलेच पाहिजे. रेल्वेचा डबा, पत्र्याची पेटी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा जण आणि पलीकडे पाण्यातून वर आलेले एका देवळाचे शिखर, एवढे पुरे. थर्माकोलही नको, लाकूड आणि जुने कापड चालेल. शेजारी ओडिशाच्या कारागिरांनाही जागा द्यावी. आपले वडील जिथे उभे होते, तिथे आज ते उभे आहेत.

हा विषय पुढच्या वर्षीच्या बैठकीत मी पुन्हा मांडणार आहे. काकांनी त्यांची पत्र्याची पेटी अजून माळ्यावर जपून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. पहिली वस्तू म्हणून तीच मागणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!