श्रद्धेचा वैयक्तिक निर्णय : ख्रिस्तसभेची शिकवण आणि व्यवहार

विवाहाची कागदपत्रे तयार करताना आम्ही धर्मग्रामातील तरुण-तरुणींना एक प्रश्न आवर्जून विचारतो : "तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात?" बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील तारीख सांगतात. उत्तर अचूक असते. मात्र त्या दिवशी त्यांच्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममाता-पित्यांनी होकार दिलेला असतो. "मग तुमचा स्वतःचा होकार केव्हाचा?" ह्या दुसऱ्या प्रश्नापाशी बोलणे थांबते. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या कुटुंबांत हा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही. म्हणून श्रद्धेच्या वैयक्तिक निर्णयाविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते आणि तिचा व्यवहार कसा चालतो, ह्याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

निर्णय म्हणजे काय?

श्रद्धा हे प्रथम परमेश्वराचे दान आहे आणि त्या दानाला माणसाने दिलेले मुक्त उत्तर म्हणजे श्रद्धेचा निर्णय होय. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'देई व्हर्बुम' ह्या दस्तऐवजात सांगितले आहे, की प्रकट होणाऱ्या परमेश्वराला माणूस आपले संपूर्ण अस्तित्व स्वेच्छेने अर्पण करतो. श्रद्धा म्हणजे केवळ काही सिद्धान्तांना दिलेली बौद्धिक मान्यता नव्हे, तसेच ती एखाद्या प्रार्थनासभेत दाटून आलेली भावनाही नव्हे. बुद्धी, मन आणि इच्छाशक्ती ह्या तिघांचा तिच्यात वाटा असतो.

त्याच परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा 'दिग्नितातिस हुमाने' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. श्रद्धेची कृती स्वभावतःच मुक्त असते, म्हणून कोणावरही श्रद्धेची सक्ती करता येत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. १९८३ च्या कॅनन लॉमधील ७४८ व्या कलमातही हाच नियम आहे. भारतीय संविधानाचे २५ वे कलम प्रत्येक व्यक्तीला सद्‌सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. धर्मांतराविषयी काही राज्यांत स्वतंत्र कायदे आहेत. त्यांतील तरतुदी जाणून घेऊनच धर्मगुरूंनी पुढचे पाऊल टाकावे.

बालपणीचा बाप्तिस्मा

अजाण बालकाला बाप्तिस्मा दिला, तर त्याच्या निर्णयाला अर्थ काय उरतो, असे अन्य पंथीय बंधुभगिनी आम्हांला अनेकदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. बालक आपली मातृभाषा निवडत नाही; ती त्याला आईच्या मांडीवर मिळते. परंतु मोठेपणी त्या भाषेत खरे बोलायचे की खोटे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. श्रद्धेचेही तसेच आहे. दान आधी मिळते आणि त्याचा स्वीकार पुढे करायचा असतो.

म्हणूनच कॅनन लॉच्या ८६८ व्या कलमानुसार, बालकाला कॅथलिक श्रद्धेत वाढवले जाईल अशी साधार आशा असल्याशिवाय त्याला बाप्तिस्मा देता येत नाही. अशी आशा मुळीच नसेल, तर आईवडिलांना कारण समजावून सांगून बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असे हेच कलम सांगते. घरी प्रार्थना नाही, रविवारचा ख्रिस्तयाग नाही, आणि बाप्तिस्म्याच्या समारंभाला मात्र दोनशे पाहुणे, अशा वेळी हे कलम आठवणे आमचेही कर्तव्य ठरते.

दृढीकरण हा ह्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा होय. कलम ८८९ नुसार हा संस्कार घेणाऱ्याला योग्य शिक्षण मिळालेले असावे, त्याच्या मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करण्यास तो समर्थ असावा. प्रत्यक्षात धर्मशिक्षणाचा एक वर्ग संपला म्हणून सगळी मुले एकाच रांगेत उभी राहतात. प्रमाणपत्र हाती पडताच त्यांतील कित्येक मुले पुन्हा दिसत नाहीत, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. दोष केवळ मुलांचा नाही. "तुला हे हवे आहे का?" असे प्रत्येकाला एकांतात विचारण्याइतका वेळ आम्ही दिलेला नसतो.

दरवर्षी पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत सर्व श्रद्धावंत बाप्तिस्म्याची वचने नव्याने देतात. लॅटिन विधीतील 'क्रेदो' हे उत्तर एकवचनी आहे : मी श्रद्धा ठेवतो. शेजारी शेकडो माणसे उभी असली, तरी उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते.

प्रौढांचा मार्ग

प्रौढपणी बाप्तिस्मा मागणाऱ्यांसाठी ख्रिस्तसभेने १९७२ साली प्रौढ-दीक्षेचा विधी नव्याने प्रसिद्ध केला. त्यात चार कालखंड आहेत : पहिला, प्राथमिक ओळखीचा आणि शंका विचारण्याचा, दुसरा, दीक्षार्थी म्हणून शिक्षण आणि प्रार्थनेचा, तिसरा, प्रायश्चित्तकाळातील अंतःशुद्धीचा, आणि चौथा, बाप्तिस्म्यानंतर पुनरुत्थानकाळात संस्कारांचा अर्थ अधिक खोलवर समजून घेण्याचा. ह्या कालखंडांना जोडणारे तीन विधी असतात : दीक्षार्थी म्हणून स्वीकार, सामान्यतः प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी होणारा निवडीचा विधी, आणि पुनरुत्थान जागरणातील बाप्तिस्मा, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद.

कलम ८६५ नुसार प्रौढ व्यक्तीने बाप्तिस्म्याची इच्छा स्वतः प्रकट केलेली असावी, श्रद्धेची सत्ये व ख्रिस्ती कर्तव्ये तिला पुरेशी शिकवलेली असावीत आणि तिचे ख्रिस्ती जीवन दीक्षाकाळात पारखलेले असावे. इतका वेळ का, असे विचारणारे विचारतात. घाईने दिलेला होकार पहिल्याच संकटात डळमळतो, असा ख्रिस्तसभेचा जुना अनुभव आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कॅथलिक व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करण्यासाठी जोडीदाराने बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे, असा नियम नाही. कलम १०८६ नुसार अशा विवाहासाठी धर्मप्रांताकडून विशेष सूट घ्यावी लागते. ती मिळाल्यास विवाह वैध होतो. केवळ लग्न जमावे, शाळेत प्रवेश मिळावा किंवा आजार बरा व्हावा म्हणून कोणी बाप्तिस्मा मागत असेल, तर त्याला प्रेमाने थांबायला सांगणे हेच धर्मगुरूचे काम आहे.

तीन जीवनांची साक्ष

संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे सुपुत्र. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले व त्यांच्या कार्यात साहाय्यक झाले. पुढे त्यांनी व्यापारात जम बसवला. तो सोडून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस हुतात्म्यांपैकी एक म्हणून क्रुसावर त्यांना मरण आले. बाप्तिस्मा त्यांना बालपणीच मिळाला होता. त्याचा स्वीकार मात्र त्यांनी पुनःपुन्हा, प्रत्येक वळणावर केला.

संत जॉन हेन्री न्यूमन हे ऑक्सफर्डमधील नामवंत अँग्लिकन धर्मोपदेशक होते. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर आणि प्रार्थनेनंतर ९ ऑक्टोबर १८४५ रोजी ते कॅथलिक झाले. ह्या निर्णयामुळे अनेक जिवलग स्नेही त्यांना दुरावले. २०१९ साली त्यांना संतपद मिळाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून त्यांची घोषणा झाली.

तिसरे उदाहरण मराठी वाचकांच्या घरातले, प्रोटेस्टंट परंपरेतले आहे. कवी नारायण वामन टिळक ह्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर तो आघातच होता आणि पुढे काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारांती. जातिभेदाचा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी सोडवला होता. 'स्मृतिचित्रे' वाचताना दोन गोष्टी ध्यानात येतात. पतीचा निर्णय पत्नीचा होत नाही. आणि निर्णय एकाचा असला, तरी त्याची झळ घरातील सर्वांना लागते. म्हणून असा निर्णय घेणाऱ्याने आप्तांशी अधिक मायेने वागले पाहिजे.

विवेकाने निर्णय कसा घ्यावा?

संत इग्नाती लोयोला १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झाले. अंथरुणावर पडले असताना त्यांना एक गोष्ट जाणवली : दरबारी वैभवाची स्वप्ने क्षणभर सुखावून मनाला कोरडे ठेवून जात, तर संतांसारखे जगण्याच्या विचाराने लाभलेला आनंद टिकून राही. ह्या अनुभवातून 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ साकार झाला व १५४८ साली छापला गेला. त्यातील मार्गदर्शन थोडक्यात असे :

१. मन उदास व अंधारलेले असताना पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये.
२. शांत मनाने दोन्ही बाजूंचे लाभ व तोटे मांडावेत आणि परमेश्वराच्या गौरवाच्या कसोटीवर तोलावेत.
३. अगदी अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता, तर आपण त्याला काय सल्ला दिला असता, हे पाहावे.
४. मृत्युशय्येवर असताना आपण कोणता निर्णय घेतला असता तर समाधान वाटले असते, ह्याचा विचार करावा.
५. घेतलेला निर्णय प्रार्थनेत परमेश्वरापुढे ठेवावा.

ह्याला आम्ही अनुभवाने एवढीच जोड देतो, की एखाद्या जाणत्या धर्मगुरूशी, धर्मभगिनीशी किंवा श्रद्धावंत वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावे. शंका असणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे.

निर्णयानंतर

निर्णयाची पारख रोजच्या जीवनात होते. रविवारचा ख्रिस्तयाग, पापनिवेदन, शुभवर्तमानाचे वाचन, पैशाच्या व्यवहारातील सचोटी, भाऊबंदकीच्या वादात क्षमा आणि गरजूंसाठी दिलेला वेळ, ह्यांतून वचनबद्धता दिसते. त्यात खंड पडला, तर प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे असते. संत पेत्राने तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले व पुन्हा कामाला लावले.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील तारीख इतरांनी आपल्यासाठी लिहिलेली आहे. तिच्याबद्दल आईवडिलांचे ऋण मानावे आणि येत्या पुनरुत्थान जागरणात हाती मेणबत्ती घेऊन उभे राहाल, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबून प्रश्न नीट ऐकावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.