शिरूर अनंतपाळ: मानसोपचाराची दूरची वाट

शिरूर अनंतपाळ हा लातूर जिल्ह्याच्या पूर्व भागातला तालुका. हा सारा मुलूख 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचे मनोरुग्णालय मराठवाड्यातच, जालन्याला होते. ते 1953 साली हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवले गेले. तीन वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि एर्रागड्डा परराज्यात गेले. पुढे महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये राहिली. मराठवाड्याला त्यांतले एकही मिळाले नाही. शिरूरहून त्यांतले सर्वांत जवळचे येरवडा, तेही तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. एवढ्या लांब रुग्णाला नेणे रोजंदारीवरच्या घराला झेपत नसे. मग देवऋषी, दर्गा, नाहीतर घरातली कोंडलेली खोली एवढेच उरे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. वाचलेल्यांची झोप उडणे, दचकणे, खचून जाणे हे आजार म्हणून मोजले जाऊ लागले ते तेव्हा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर अभ्यास केला. पुढे 2002मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेतकरी आत्महत्यांच्या काळात मराठवाडा व विदर्भातील 14 जिल्ह्यांसाठी शासनाने प्रेरणा प्रकल्प आणला. त्यात गावातल्या आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन खचलेली माणसे हेरायची होती. हे काम मोलाचे होते, कारण मनाचा आजारी माणूस स्वतःहून दवाखान्याची पायरी क्वचितच चढतो.

उपचारांचा खर्च उचलणाऱ्या सरकारी विम्याची गोष्ट मात्र वेगळ्या मार्गाने गेली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नांदेड त्यांत होते, लातूर नव्हते. लातूरकरांना ती 2013च्या नोव्हेंबरात राज्यभर लागू झाल्यावर मिळाली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंतचे 971 उपचार मोफत होते. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा तीस शाखा यादीत होत्या, मानसोपचार नव्हता. 2017मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत मनोविकार होते. 1 एप्रिल 2020पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. 2024मध्ये विमा संरक्षण पाच लाखांवर गेले आणि सर्वांना खुले झाले.

तरीही अडचण मुळातच आहे. या एकत्रित योजनेचे कार्ड दाखल रुग्णासाठी आहे, फार तर घरी सोडल्यावर पंधरा दिवसांच्या औषधांपुरते. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकाराला मात्र वर्षानुवर्षे गोळ्या आणि तपासण्या लागतात. बाह्यरुग्ण विभागातली ही खेप कार्डात बसत नाही. सरकारी रुग्णालयात गोळ्या मिळाल्या तरी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. खेप परवडेनाशी झाली की औषध सुटते आणि आजार उलटतो.

दरम्यान, 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनोविकार आणि शारीरिक आजार यांत भेद करण्यास मनाई केली. 10 ऑक्टोबर 2022पासून टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक सुरू आहे. अलीकडे राज्याने जालन्यात प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास मंजुरी दिली.